लोंबता धागा

३ मार्च

वहिनीला दिवस गेलेत. तांबी असताना!

सकाळी बेसिनपाशी मी दात घासत होते. तिने पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "इंजिनीअरबाई, ही दुसरी रेघ तुम्हाला दिसतेय, की मलाच?"

दिसत होती. ठळक.

मी गर्भाशयात बसवायची ही तांबी बनवणाऱ्या कारखान्यातच तपासणीला आहे. खोक्यातून नग काढायचा, त्याचा धागा यंत्राच्या चिमट्यात धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा, किती ताण सोसला ते लिहायचं. आमच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे — पहिल्या वर्षात हजारातल्या साधारण आठ जणींना तरीही दिवस जातात. आठ हा आकडा मला कधी मोठा वाटला नव्हता. आज तो माझ्याच टॉवेलला हात पुसत उभा होता.

४ मार्च

कारण सापडलं. गेल्या महिन्यात वहिनीला धागा नेहमीपेक्षा लांब लागला. बाहेर डोकावत होता म्हणे.

"मग?"

"मग काय, कापला."

"कापला?!"

"अगं, दिवसभर कपडे शिवते मी. लोंबता धागा दिसला की हात कात्रीकडे जातोच. गिऱ्हाइकाला असं काम देते का मी कधी?"

धागा लांब लागला म्हणजे तांबी खाली सरकली. लगेच दवाखाना गाठायचा. हेही माहितीपत्रकात आहे. पण पत्रक खोक्यात जातं आणि खोकं दवाखान्यातच राहतं. वहिनीने ते पाहिलेलंच नाही. माझा संताप झाला — कुणावर करावा ते कळेना. तेवढ्यात तीच हसायला लागली. मी हसणार नव्हते. हसले.

६ मार्च

घरात कळलं.

दादा म्हणाला, "आलंय तर येऊ दे. दोघींत तिसरं." आई म्हणाली, "पदरात पडलेलं नाकारू नये."

वहिनीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मला नकोय."

"पण कारण काय?" — दादा.

"दोन्ही पोरी हव्या होत्या म्हणून आहेत. हे नकोय. कारण लागतच असेल तर माझ्या शिवणाच्या नव्या दुकानाची किल्ली परवा मिळतेय. पण दुकान नसतं तरी नकोच असतं."

आणि चाक पुन्हा सुरू.

मी असते तर दहा मुद्दे काढले असते, कोष्टकात मांडले असते. तिने आवाजही चढवला नाही. मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही. तरी इथे लिहून ठेवते.

आई उठून आत गेली. भांडी आपटली नाहीत. हे नवीन.

९ मार्च

वहिनीबरोबर दवाखान्यात. सोनोग्राफीत तांबी दिसली — खाली, तिरकी. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, "घरी विचारलंत?"

"सांगितलंय."

"यजमानांना?"

"त्यांनाही सांगितलंय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. हसल्या. गर्भपातासाठी बारा तारखेची वेळ दिली. सोबत कुणीतरी हवं म्हणाल्या. मी रजा टाकते.

जिना उतरताना वहिनीने माझं मनगट धरलं. घट्ट. म्हणजे घाबरते तीही! खाली आल्यावर सोडलं आणि सुयांचं पाकीट घ्यायला वळली.

१० मार्च

जेवताना वहिनीने दादापुढे नसबंदीचा विषय काढला.

"आणि माझ्या कंबरेचं काय? गोदामात पोती कोण उचलणार?"

"पोती कंबरेने उचलता ना? मग झालं तर!"

दादा लालबुंद. स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं — मी शपथेवर सांगते. शेवटी दादा म्हणाला, "बघू." त्याचं "बघू" म्हणजे अर्धा होकार.

कामावर साहेबांना सुचवलं — बाईच्या हातात द्यायचं वेगळं कार्ड छापू. "धागा लांब लागला तर कापू नका, दवाखान्यात या."

"असा कोण कापेल?"

"शिवणारी."

त्यांनी वहीत नोंद केली. मग म्हणाले, "मसुदा द्या."

११ मार्च

संध्याकाळी आई माझ्या खाटेवर येऊन बसली. "तुमच्या त्या हजारात किती जणींना दिवस जातात म्हणालीस?"

"आठ."

"तुझ्या वेळेला मी त्यांतली होते." चादरीची सुरकुती तळव्याने सारखी करत राहिली. "मलाही नको होतं. दवाखान्याच्या दारापर्यंत गेले होते. बरोबर कुणी नव्हतं, म्हणून परत आले. उद्या तिच्याबरोबर मी जाते. तू कामावर जा."