गाडी मऊ करण्याचे प्रयत्न

३ नोव्हेंबर, सोमवार

१. सकाळी साडेआठला वस्तीवर पोहोचले. दुधनीच्या अलीकडे, आमच्या शेतातली वस्ती.
२. अप्पांना पुढच्या सीटवर बसवलं. कमरेला पट्टा, पाठीला उशी. डावं पाऊल हाताने उचलून आत ठेवावं लागलं.
३. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत साडेचार किलोमीटर कच्ची वाट. वेग ताशी १५. वेळ १८ मिनिटं.
४. ओढ्याच्या फरशीवर पुढचं चाक आपटलं. अप्पा ओरडले. त्यांचं ओरडणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.
५. तिथून सोलापूरपर्यंत एक शब्द नाही.
६. फिजिओथेरपी एक तास ठरलेली. व्यायाम झाला वीस मिनिटं. उरलेला वेळ ते नुसते पडून होते.
७. परत वस्तीवर सोडलं. उतरताना म्हणाले, "गाडी हाय का उखळ?"
८. कारखान्यात तीनच्या पाळीला चार मिनिटं उशीर.

यंत्र बंद पडल्यावर लिहितात तसा रिपोर्ट झाला हा. असू दे. मला असंच लिहिता येतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अव्वाचा — आईचा — फोन. "त्ये येत न्हाईत म्हनतात. हितंच तेल लावून बसतो म्हनतात."

तेल! ऑगस्टमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून पडले, मणका दबला, ऑपरेशन झालं. डावं पाऊल वर उचललं जात नाही, चालताना जमिनीला घासत येतं. रेश्मा मॅडमनी — फिजिओ — स्पष्ट सांगितलंय: आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. आत्ता केलं तर पाऊल परत येईल. उशीर केला तर ते असंच राहील, कायमचं.

आणि हे तेल लावणार.

रेल्वेने आणायचं तर स्टेशनचा जिना. एसटीत बसवायचं तर आधी ती कच्ची वाट आहेच. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. विषय संपला. म्हणजे गाडीच.

गाडी मी हौसेने घेतली. सेकंडहँड, पण स्पोर्ट मॉडेल. वळणावर काय चिकटून जाते! स्वतःच्या आनंदासाठी घेतलेली एकच वस्तू, आणि तिने बापाला ओरडायला लावलं. तिला आता मऊ करायचं. बिघाड आहे म्हणजे कारण आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आजची फिजिओथेरपी बुडाली.

येडूच्या गॅरेजला गेले. तो म्हणाला, "मॅडम, स्पोर्ट गाडी कडकच असती की. मऊ पायजे तर बैलगाडी घ्या." मग स्वतःच विचार करून — "ती बी कडकच असती म्हना."

मी म्हटलं, वर उचल आणि स्प्रिंग दाखव.

चारही स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबराचे जाडजूड बफर कोंबलेले! आधीच्या मालकाचं काम. स्पीडब्रेकरला पोट घासतं म्हणून गाडी उंच केली. उंच झाली, पण स्प्रिंगला दबायला जागाच उरली नाही. आणि आठ महिने मी तशीच चालवली. मी! इंजिनिअर!

"अर्धं सोलापूर हेच बसवून फिरतंय मॅडम. काढू म्हननाऱ्या तुमी पयल्याच."

चाकांत हवा ३३ हवी, निघाली ४०. पंपावरचा माणूस दरवेळी म्हणतो, "लांब जायचंय न्हवं? चाळीस टाकतो." आणि मी मान हलवते.

बफर काढले. हवा ३३.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे एकटीच वस्तीच्या वाटेवर जाऊन आले. घरी गेले नाही. फोन सीटला पट्टीने चिकटवला आणि धक्के मोजले. येडूकडे जायच्या आधी असाच मोजला तेव्हा याच वाटेवर सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाच्या ०.९ पट होता. आज ०.७.

पण बफर गेल्याने गाडी खाली बसली. मधल्या उंचवट्याला पोट घासलं, लांबलचक किरर्र. एक दुरुस्त करावं तर दुसरं बोंबलतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अप्पांना आकडे सांगितले. आले! पण बसायच्या आधी गाडीभोवती काठी टेकत एक चक्कर मारली. वीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूस.

"रिकामी गाडी उडतीच. डिकीत दोन पोती टाक. बसंल."

मी म्हटलं, ही मालवाहू गाडी नाही. सस्पेन्शनचं गणित असतं.

"आसंल. पोती टाकून बग की."

टाकली नाहीत. धक्के बसले. ते एवढंच म्हणाले, "गणित लई टोचतंय." अव्वा मागच्या सीटवर पदरात हसत होती.

व्यायाम तीस मिनिटं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोळा इंची चाकं काढून पंधरा इंची घातली. बाहेरचा व्यास जवळपास तोच, पण टायरची भिंत १०७ मिलीमीटरवरून १२० वर. खड्डा आधी रबराने झेलायचा, मग माणसाने. तेरा मिलीमीटर म्हणजे एका करंगळीची रुंदी.

येडू म्हणाला, "आता गाडी काकूसारखी दिसतीय." खरं आहे. वळणावर आता डुलते. मला वाईट वाटलं. वाटू दे.

९ नोव्हेंबर, रविवार

वस्तीवर. अप्पा बघत नसताना दोन पोती ज्वारी डिकीत टाकली आणि फेरी मारली.

पोत्यांशिवाय ०.५. पोत्यांसह ०.४२.

वजन वाढलं की गाडी सावकाश डोलते, हे सूत्र मला कॉलेजपासून पाठ आहे. सुचलं त्यांना. परत आले तर ओट्यावर बसून विचारतात, "किती किलोची टाकलीस?" बघत होते!

१० नोव्हेंबर, सोमवार

आज जमलं.

वेग १२, पोती डिकीत. ओढ्याच्या फरशीवर फोनमध्ये ०.४१. अप्पा ओरडले नाहीत. काच बंद असूनही तोंडावर टॉवेल धरून बसले होते. "धूळ," म्हणाले. अक्कलकोट आल्यावर मी विचारलं, कशी आहे?

"मऊ हाय. लई मऊ."

पाळीवर शिवानी म्हणाली, आज तू चक्क गुणगुणतेयस. मी? असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रेश्मा मॅडमनी बाजूला घेतलं.

"पाठ दगडासारखी आवळून येतात. माझा अर्धा तास ती सोडवण्यातच जातो. पाऊल तिथंच आहे, उलट गेल्या आठवड्यापेक्षा मागे."

मी म्हटलं, धक्का निम्म्याहून खाली आलाय. आकडे दाखवले.

त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "आकडे सीटचे आहेत ना? मी माणसाबद्दल बोलतेय. हा शुक्रवार आणि पुढचा आठवडा बघू. नाहीतर मला पायाचं नाव सोडून द्यावं लागेल."

चिडचिड झाली. काय उरलंय आता? सीट? रात्रपाळीच्या फिटरला फोमबद्दल विचारलं. खाली मऊ फोम, वर कडक फोम, की उलट? घरी येऊन तक्ता केला. तक्ता चांगला झाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फोम घातला. ०.३८. अप्पा म्हणाले, "मऊ हाय."

त्यांना सोडून परत आल्यावर गाडी झाडत होते. पुढच्या सीटच्या फटीत तो टॉवेल सापडला. आमच्याच कारखान्यातला, मीच दिलेला, दिवाळीत, नवाकोरा.

गुणवत्ता तपासणी हे माझं काम. दिवसाला पाचशे टॉवेल उजेडासमोर धरते. सवयीने हाही धरला.

काठापासून वीतभर आत लूप, वरचे धाग्याचे फास, ओढून तुटलेले. मागाचा दोष असला तर तो सरळ रेषेत जातो, उभ्या ताण्याच्या नाहीतर आडव्या बाण्याच्या. हा दोष गोल होता. एक अर्धवर्तुळ वरच्या बाजूला, एक खालच्या. शेजारी तसंच दुसरं. तिसरं. काही वाळलेली. एक अजून ओलं.

दातांचे ठसे आहेत.

पार्किंगमध्येच बसून राहिले. पाळीला बेचाळीस मिनिटं उशीर. कारण विचारलं तर सांगितलं, गाडी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अव्वाला फोन केला. अप्पा गोठ्याकडे गेलेत याची आधी खात्री केली.

"तुला टॉवेलचं माहीत होतं?"

"म्हाईत न्हाई कसं. मी मागंच बसती की."

"मग बोलली का नाहीस?"

"सुम्ने इरु म्हनले मला, गप बस म्हनले. पोरगी चाकं बदलतीय, गाद्या शिवतीय, म्हनले. तिला न्हाई जमलं आसं वाटू नये."

 मग अव्वा म्हणाली, सरळ, भाजीचा भाव सांगावा तशी: "तुज्याजवळ ऱ्हायलो आस्तो तर ह्ये काय लागतच न्हवतं. मी म्हनले, पोरीला इचारा. तर म्हनतात, तिनं येऊ नका म्हनलंय. आपन कसं जायचं?"

म्हटलंय. खरंच म्हटलंय. इथे लिहून ठेवते, कारण अजून कुठेच लिहिलेलं नाही.

दीड वर्षापूर्वी अप्पा माझ्यासाठी बघितलेल्या एका मुलाच्या काकांना घेऊन थेट माझ्या खोलीवर आले. फोन नाही, काही नाही. मी पाळीवरून आलेली, केस तेलकट, कॉटवर कपडे. ते काका माझी भांडी मोजल्यासारखे बघत होते. ते गेल्यावर मी दारात उभी राहून अप्पांना म्हणाले, "मला न विचारता या खोलीत पाय ठेवायचा नाही." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, रागाच्या भरात बोलली म्हणून विसरले असते.

ते "बरं" म्हणाले, तीन मजले उतरून गेले. त्यानंतर दोनदा सोलापूरला आले. दोन्ही वेळा खाली फाटकाशी थांबून मला हाक मारली. मला ते सोयीचं वाटलं.

"तिसरा मजला, लिफ्ट नाही." चार तारखेला मीच लिहिलंय वर. जिना खरा आहे. पण खालची खोली कधी विचारली का मी? घरमालकीण बाळाबाई तिथे जुनी कपाटं ठेवते, एवढंच मला माहीत. स्प्रिंगा काढल्या, चाकं काढली, सीट फाडली. जिना उतरून एक दार वाजवलं नाही.

संध्याकाळी वाजवलं.

बाळाबाई म्हणाली, "अगं बया! बाप आजारी आन् तू रोज त्येला सोलापूर-दुधनी हिंडवतीस? कपाटं काय, उद्या सकाळी भाईर. मी पयल्याच दिशी म्हनले आस्ते. तू बोलतीस कुटं कुनाशी?"

सकाळपर्यंत थांबले नाही. कपाटं हलवायला हात लावला.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे तोंडाने बोलता येणार नाही. अव्वाच्या फोनवर लिहून पाठवलं. नक्कल:

अप्पा, उद्या गाडी आणत नाही. बाळाबाईंनी तळमजल्याची खोली दिली आहे. पायरी नाही. पलंग आणला आहे, चूल अव्वाला हवी तिथे लावू. दवाखाना तिथून पाच मिनिटांवर आहे. टॉवेल माझ्याकडे आहे, मी पाहिला. तेव्हा दारात बोलले ते चुकलं. मी विचारते आहे : तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला येता का? मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवा. — अक्षता