कुणी मागे राहू नका

१ जानेवारी १९८९, रविवार

आजपासून रोज लिहायचे ठरवले आहे. ही डायरी खोपकर सरांनी दिली. त्यांच्याच छापखान्यात छापलेली आहे. आतल्या सणांच्या यादीत 'मकरसंक्रात' छापले आहे, ते 'मकरसंक्रांत' हवे. पहिल्याच दिवशी चूक दाखवणे बरे दिसले नसते, म्हणून गप्प बसलो.

खोली ठाण्यात, कोपरी गावात मिळाली, दगडाबाई कोळणीच्या माळ्यावर. सरांनीच ठरवून दिली. खिडकीतून खाडीचा तुकडा दिसतो आणि खाली दोरीवर बोंबील वाळत असतात. वासाची सवय होईल. दगडाबाईंनी आल्या आल्या ताटात भात आणि बांगड्याचे कालवण वाढले आणि विचारले, आई हाय ना रं तुला, मंग पोचलो म्हनून पत्र टाक आधी. टाकले.

संगमेश्वरहून निघताना घाईत 'जातो' म्हणालो. आईने अर्ध्या पायरीवरून परत बोलावले, दोन घोट पाणी पाजले आणि 'येतो' म्हणवून घेतले. आबा मात्र उठले नाहीत. मी दहावीला दोनदा नापास झालो तेव्हापासून त्यांचे एकच वाक्य आहे, तुला मोजायचा तरी कशात? सरांनी कबूल केले आहे की महिनाभर काम नीट केले तर छापखान्यात कायम करतील. नाही जमले तर दादाच्या पिठाच्या गिरणीवर परत. मी परत जाणार नाही.

४ जानेवारी, बुधवार

छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला बरे जमते आहे. अक्षरे उलटी वाचायची सवय लागली. आज सरांनी दुसरे काम समजावून सांगितले. ते एका इतिहास मंडळाचे चिटणीस आहेत. मंडळातर्फे दर शनिवारी रात्री नऊला 'रात्रीचे ठाणे' नावाची पायी फेरी निघते. गावातल्या अपमृत्यूंच्या जागा दाखवायच्या आणि त्यांच्या हकिगती सांगायच्या. ठिकाणे चार आहेत. फाशीची चिंच, नवरीची विहीर, प्लेगच्या झोपड्यांचे मैदान, आणि खाडीकाठचे जुने मसण, जिथे आता कुणाला जाळत नाहीत.

सर पुढे चालतात. मी शेवटचा माणूस. हातात बॅटरी, गळ्यात शिटी. प्रत्येक ठिकाणाहून निघताना मोठ्याने म्हणायचे, "चला, या सगळे. कुणी मागे राहू नका." गेल्या वर्षी एक म्हाताऱ्या बाई विहिरीपाशी राहून गेल्या आणि मंडळाची नाचक्की झाली. फेरी संपली की डोकी मोजायची. आकडा जुळला पाहिजे. सर म्हणाले की दोनदा चूक माफ, तिसऱ्यांदा नाही. मी वाक्य पाठ केले आहे.

७ जानेवारी, शनिवार

पहिली फेरी. तलावापाशी सतरा माणसे जमली, बहुतेक डोंबिवलीची, एका बँकेतली. खूप हसत होती. एकाने विचारले की भुताला फर्स्ट क्लासचा पास लागतो की सेकंड चालतो. दुसरा म्हणाला, अरे, आमच्या शाखेत ये, काउंटरवर बसलेली दाखवतो. सरही हसले.

सर सांगतात छान, पण तारखा बदलतात. विहिरीतल्या नवरीचे साल पत्रकात १८४० आहे, आज त्यांनी १८५७ सांगितले. मी ते पत्रक परवाच जुळवले आहे, म्हणून लक्षात आले. चारही ठिकाणी मी ठरलेले वाक्य स्पष्ट म्हटले. मसणाजवळ वारा होता, म्हणून तिथे दोनदा म्हटले.

फेरी कोपरीत चहाच्या टपरीपाशी संपते. तिथल्या ट्यूबखाली मोजले. अठरा भरले. पुन्हा मोजले, अठराच. सरांनी मोजले, सतरा. ते म्हणाले, रतन, तुम्ही स्वतःला मोजलंत. सगळे हसले.

मी स्वतःला मोजले नव्हते. सर सोडून, मी सोडून, अठरा.

८ जानेवारी, रविवार

सुट्टी. दिवसभर तेच डोक्यात. मोजणे काही व्याकरण नाही की चूक व्हावी. एक बाई मला आठवते, हिरव्या बांगड्यांची, बँकवाल्यांच्या मागे उभी. तलावापाशी ती होती का, हे आठवत नाही. पुढच्या वेळी निघतानाच नावे लिहून घेणार.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. आज बावीस जण. सगळ्यांची नावे वहीत लिहिली. सरांच्या मनात आले की शेवटी तिळगूळ वाटावा. मी वड्या मोजून घेतल्या, बावीस, अधिक सर, अधिक मी, चोवीस.

टपरीपाशी वाटल्या. सरांना दिली. लोकांना देत गेलो. डबा रिकामा झाला तेव्हा समोर दोन हात पसरलेले होते, आणि मी माझी स्वतःची वडी ज्या हातावर ठेवली होती तो तिसरा. त्याच हातात हिरव्या बांगड्या होत्या. तळवा ओला होता. वडी त्याच्यावर विरघळत गेली.

मी सरांना म्हटले, सर, तिळगूळ कमी पडला. सरांनी लोकांना विचारले, कुणाला मिळाला नाही? कुणीच हात वर केला नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले की आमचे रतनराव गोडाचे शौकीन दिसतात. एक बाई म्हणाल्या, खाऊ द्या हो, सणाचं आहे. काय सांगणार? वहीतली नावे बावीस. माझी मोजणी पंचवीस.

दुसरी चूक म्हणून सरांनी मोजली.

१६ जानेवारी, सोमवार

रात्री झोप नाही. सकाळी दगडाबाईंना सांगितले. त्या मासळी साफ करत होत्या. मी वाक्य म्हणून दाखवले तसा त्यांचा कोयता थांबला.

त्या म्हणाल्या, "मसनान कोनाला बोलवाचा नाय रं! तुला आईसनं काय शिकवला नाय?" मयताहून परतताना कुणी कुणाला हाक मारत नाही, मागे वळून बघत नाही. सुतकाच्या घरी 'येतो' म्हणत नाहीत, तेही 'या' म्हणत नाहीत. आमच्याकडेही हेच पाळतात. मला ठाऊक होते. पण मंडळाचे काम म्हणून ते मनातच आले नाही. दगडाबाई म्हणाल्या की तू तर शिटी मारून, दोनदोनदा, नावाने नाही तरी मानाने बोलावतोस. इतक्या वर्षांत तिथल्या मेलेल्यांना कुणी या म्हटले असेल का? मग का येणार नाहीत?

दुपारी सरांना विनंती केली की वाक्य बदलू या, नुसती शिटी पुरे. कारण सांगितल्यावर सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, दगडाबाईंना मंडळाचे अध्यक्षच करू या का? छापखान्यातले सगळे हसले. मी एकटाच बरोबर आहे आणि माझेच तोंड बंद आहे. असे मला आयुष्यात फार वेळा झाले आहे.

२१ जानेवारी, शनिवार. रात्री दोन

एकोणीस जण. पहिल्या तीन ठिकाणी फक्त शिटी मारली. मैदानात कल्याणचे एक गृहस्थ बुटाची नाडी बांधत मागे राहिले. आम्ही पुढे गेलो. त्यांच्या बायकोने आरडाओरडा केला. सर परत येऊन सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले आणि मसणापाशी माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, आता म्हणा, मला ऐकू दे.

म्हटले. "आणखी मोठ्याने." म्हटले.

ट्यूबखाली तीस. पुन्हा तीस. सरांनी विचारले, किती? मी एकोणीस सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मोजणी खोटी सांगितली आणि ती बरोबर ठरली. सर म्हणाले, जमलं की!

लोक स्टेशनकडे गेले. सर रिक्षात बसले. अकरा जण ट्यूबखाली तसेच उभे. माझ्याकडे पाहत होते, पुढे कुठे जायचे हे अजून कुणी सांगितले नाही अशा नजरेने.

मी चालू लागलो. मागे पावले. ओली. जिन्यापर्यंत.

२३ जानेवारी, सोमवार

आत आले आहेत. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन, रांगेत बसतात. त्रास काही देत नाहीत. तोच त्रास आहे. मी ताट घेतले की अकरा माना वर होतात. मी उठलो की उठतात. आंघोळीलासुद्धा. ओरडून सांगितले, जा म्हणून. हिरव्या बांगड्यांच्या बाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा वाट पाहू लागली.

छापखान्यात आज दोन ओळी चुकल्या. माझ्याकडून! मागे अकरा जण उभे असताना कुणाच्याही चुकतील. सर म्हणाले, लक्ष कुठे आहे?

२५ जानेवारी, बुधवार

दगडाबाई वर आल्या. उंबऱ्यावरच थांबल्या. त्यांना दिसत नाहीत, पण जमीन ओली दिसली.

उपाय सांगितला. उद्या सुट्टी आहे. भर दुपारी मसणात जायचे. अकराही येतील. त्यांच्याकडे तोंड करून म्हणायचे, मी जातो. 'येतो' नाही. येतो म्हणजे येणे बाकी ठेवणे. जातो म्हटले की संपले. मग चालायला लागायचे आणि या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मागे बघायचे नाही. त्या स्वतः पुढे चालतील, मी त्यांच्या टाचांकडे बघत यायचे.

मी विचारले, वळलो तर? त्या म्हणाल्या, "तर मंग तू बी त्यांचाच. कशाला वलतोस पन?"

सोपे आहे. उद्या संपेल. शनिवारी सरांना स्पष्ट सांगणार की वाक्य बदला.

२६ जानेवारी, गुरुवार

गेलो. ऊन होते. शाळेतून झेंडावंदनाचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता. म्हणालो, मी जातो. जीभ जड झाली, आईने आयुष्यात म्हणू दिले नव्हते. चालू लागलो. मागे आवाज नाही. पहिल्यांदाच आवाज नाही. दगडाबाईंच्या भेगाळलेल्या टाचा. गल्ली लागली. दार दिसले. दहा-बारा पावले.

आणि मनात आले, सगळे राहिले का? एखादा निसटून आला असेल तर शनिवारी पुन्हा आकडा चुकेल. पुन्हा सर. पुन्हा हसतील. नुसते मोजायचे होते, बाकी काही नाही—

वळलो.

गल्लीच्या टोकाला, खाडीच्या अंगाला, रांगेत उभे. अकरा हवेत. बारा भरले. पुन्हा मोजले. बारा. बाराव्याच्या अंगात चौकडीचा शर्ट, गळ्यात शिटी.

या वेळी मी स्वतःला मोजले होते.

२७ जानेवारी

दगडाबाई रडताहेत. जिन्यात बसून. मी म्हटले, हा काय, आलो ना घरी. दोनदा म्हटले. जेवायला वाढले नाही.

छापखान्यात गेलो. सर विचारत होते, रतन कुठे आहे? मी समोर उभा. ज्याला-त्याला विचारत होते. खिळे हातात येत नाहीत—

३० जानेवारी?

आबा आले होते. दादाही. खाडीत, मीठबंदराच्या बाजूला सापडला, असे काहीतरी बोलत होते. मी सांगितले, आबा, महिना संपत आला, कायम होणार आहे. आबा माझ्या गादीजवळ बसून राहिले. खोलीत कोपऱ्यात कुणीतरी दिवा लावला आहे, वात दक्षिणेला. खाली पीठ पसरले आहे, वर टोपली.

हे कशासाठी, कुणी सांगत नाही. कुणीच काही सांगत नाही!

शनिवार. ४ असावी

दिवा गेला. पिठावर उमटलेली पावले मी मोजली. अकरा जोड. माझी नाहीत. मी तिथूनच चालत गेलो होतो. माझी का नाहीत—

खाली आवाज. खूप माणसे. कुणीतरी हसले. सरांचा आवाज. सांगताहेत, हे आपलं पाचवं ठिकाण, अगदी ताजं. साताऱ्याचा एक मुलगा, तीनदा नापास, त्या निराशेत खाडीत उडी—

खोटे. संगमेश्वर. दोनदा. उडी नाही मारली, मागे वळून पाहिले फक्त. सर, चूक आहे, दुरुस्त करा, मी सांगतो, थांबा—

कुणाला ऐकू जात नाही.

शिटी वाजली. आता शेवटी सरच थांबतात वाटते. किती नीट म्हणताहेत. चला, या सगळे. कुणी मागे राहू—

अकराही उठले. पदर नीट केला तिने.

मला मोजायला हवे, शेवटचा माणूस मी आहे. चपला सापडत नाहीत. आलो सर, आलो, एक मिनिट, मला धरून मो—