पुळ्यांचं शेवाळ

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत बसून बरणीतल्या शेवाळाला दिवे दाखवायचा तुला पगार मिळतो, हे बाबांना अजून पटत नाही. म्हणतात, इथे ऊन फुकट आहे, तिला म्हणावं घरी ये.

इकडे खाडीच्या तोंडाशी एकदाचा बांध घातला. भरतीचं पाणी आत शिरत नाही, नदीचं मात्र येतंच. पाणी पूर्वीसारखं खारट लागत नाही, गढूळही झालंय. मला धास्ती होती, पण झालं उलटंच. खाडीत ताणलेल्या दोऱ्यांवरचं आपलं शेवाळ नुसतं माजलंय! नोकरी सोडून मी बाबांच्या शेवाळाच्या धंद्यात उतरले तेव्हा हसलेले शेजारी आता मुद्दाम बघायला येतात.

तू मागितलेल्या जुड्या ओल्या फडक्यात बांधून पाठवल्या आहेत. प्रत्येक दोरीवरची एक. बाबांची तब्येत ठीक. लांब राहून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

जुड्या पोचल्या. दृष्ट लागावी अशा आहेत, आणि म्हणूनच मला झोप नाही.

आपल्या जातीच्या शेवाळाचा संसार दोन तऱ्हांनी चालतो. भरपूर उजेड आणि पुरेसं मीठ असलं की नर-मादीचं जमतं, बी धरतं, आणि पोरं एकेक वेगळी निपजतात. मीठ उतरलं, उजेड मंदावला की तो खटाटोप थांबतो. मग तुकडा तुटतो आणि तुकड्याचंच रोप होतं. आपण गुलाबाची फांदी खोचतो ना, तसं. वाढ जोरात होते, पण सगळं एकच झाड.

तुझ्या साऱ्या जुड्या एकाच झाडाचे तुकडे निघाल्या. मी बरण्यांत मीठ वाढवलं, दिवे वाढवले, तरी एकीनेही बी धरलं नाही. अशा शेवाळात रोग शिरला तर तो कुणालाच सोडणार नाही, कारण वेगळं कुणी नाहीच.

बी धरलेल्या रोपावर बारीक पुळ्या दिसतात. तसं रोप सापडलं तर जिवापाड जप आणि मला पाठव. बाबांना नमस्कार. हे वाचून माझा राग आला तर तो पाण्यात सोडून दे, तुझ्या सुखात बिब्बा घालायची हौस नाही मला.

तुझी,
ताई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, पुळ्यांची रोपं होती की! पण बाबांचा नियम तुला ठाऊक आहे: पुळी दिसली की उपट, रोग पसरतो. लहानपणी आपण दोघी शर्यत लावून उपटायचो. तुझ्या साहेबांसमोर घरची अब्रू जायला नको, म्हणून या वेळीही मी निवडून देखणीच पाठवली. पुळ्यांची काठावर टाकली, ती उन्हात कडकडीत वाळली.

तू घाबरू नकोस. मोठ्या खडकामागे ती नेहमी असायची, तिथे आम्ही कधी हात लावला नाही. उद्या होडी घेऊन जाते. पहिल्या दोरीवरच्या शेवाळाची टोकं जरा पांढरी पडलीत, ऊन लागलं असेल. असाच लोभ ठेव, पण असं घाबरवत जाऊ नकोस.

तुझी,
ठकी

५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे. तुझ्या जुडीच्या एका बरणीत काल पांढरी टोकं दिसली. आज तुझ्या जुड्यांच्या सगळ्या बरण्या पांढऱ्या आहेत. शेजारच्या बरण्यांत दुसऱ्या खाडीतलं, बियांपासून झालेलं शेवाळ आहे, त्यातली थोडी रोपं गेली, बाकीची टिकली.

कुठे पांढरं टोक दिसलं तर ती दोरी तशीच पाण्याबाहेर काढ. बाबांना सांग, पुळ्यांच्या रोपाला हात लावायचा नाही, तो रोग नव्हे. मला फार भीती वाटते गं. दोघं एकमेकांना धरून राहा.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तोवर पहिलीच काय, एकही दोरी उरली नव्हती. क्रमाने नाही गेल्या, ताई. सगळ्या एकदम गेल्या.

खडकामागे मी गेले होते. तिथेही पुळीचं एक रोप नाही. आपलंच देखणं शेवाळ तिथवर पसरलं होतं, आता तेही पांढरं आहे. पाणी चाखून पाहिलं तर जवळजवळ गोडं. शेजारी अजूनही बघायला येतात.

तुझी दोन्ही पत्रं मी बाबांना वाचून दाखवली. पुळ्यांचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग उठले, काठावरची ती वाळलेली रोपं वेचून आणली, बादलीत मीठ कालवून त्यात भिजत घातली. आता ऊन सरकेल तशी बादली सरकवत अंगणात बसून असतात. जगतील का, म्हणून मला विचारतात. मी म्हटलं, ताईला विचारते.

काय खरं असेल ते मला लिही. त्यांना काय वाचून दाखवायचं, ते मी बघेन. माया आहेच, ती राहू दे.

तुझी,
ठकी