पेलेटचं शिसं

४ नोव्हेंबर
बोरिवलीला डॉक्टरबाईंकडे. तिसरा महिना, सोनोग्राफी ठीक. जीव भांड्यात पडला, कारण मागच्या वेळी याच सुमारास गेलं होतं.
निघता निघता बाईंनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, शूटिंग. "सिनेमाचं?" आपल्या मुंबईत दुसरं काय सुचणार! मग सांगितलं, एअर रायफल. मरोळच्या गाळ्यात रेंज आहे, तिथे मुलांना शिकवते आणि दुकानाचं काउंटरही बघते. कोणाला कुठली रायफल झेपेल, कुठले पेलेट लागतील, ते सगळं.
"पेलेट कशाचे असतात?"
शिशाचे.
"हाताळता?"
हाताळते काय, सरावात ओठांत धरते. एक भरला की पुढचा ओठांतून घ्यायचा. शाळेपासूनची खोड.
बाई लिहायच्या थांबल्या. मग रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली. चेहरा मुद्दाम साधा ठेवला होता त्यांनी. ते मला जास्त लागलं.

९ नोव्हें.
रिपोर्ट. रक्तात शिसं आहे, असायला हवं त्याहून जास्त. बाई म्हणाल्या, घाबरू नका. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, शिशापासून लांब. महिन्याभराने परत बघू.
मी विचारलं, बाळापर्यंत जातं?
"जातं."
नवऱ्याला, नि.ला, फोनवर सांगितलं. तो म्हणाला, यार, इतकी वर्षं मारतेयस ना, तुला काय झालंय? मला नाही रे झालेलं काही! माझा प्रश्नच नाहीये.
घरी येऊन नेटवर वाचलं. वाचायला नको होतं. हाडांत साठून राहतं म्हणे आणि बाई पोटुशी झाली की हाडांतून परत बाहेर येतं. म्हणजे मी शाळेत गिळलेलं शिसं आता त्याला

बास. नाही लिहवत.

१२ नोव्हें.
सरांना सांगितलं. रेंज त्यांची, पण माणूस भला. लेनवर जायचं नाही, झाडलोट नाही, टार्गेटमागच्या, पेलेट अडवणाऱ्या लोखंडी खोक्यांना हात लावायचा नाही, फक्त काउंटर. तेही हातमोजे घालून.
दुपारी मुलुंडचे एक गृहस्थ. फार्महाऊससाठी रायफल हवी. आधी म्हणाले टार्गेट, मग हळूच, "ससा वगैरे पडेल ना? पॉइंटेड पेलेट द्या." सांगितलं, काका, शिकारीला बंदी आहे, आत जाल. आणि टोकदार पेलेट दिसायलाच खतरनाक, नेम त्याचा सगळ्यात वाईट. कागदावर मारायचं तर चपट्या डोक्याचे घ्या, भोक कसं स्वच्छ पडतं बघा. लांबवर डबे पाडायचे तर गोल डोक्याचे. रायफल साधी स्प्रिंगची घ्या, ती चुका लपवत नाही, हात तयार होतो.
घेतली. जाताना माझ्या हातमोज्यांकडे बघून म्हणाले, "मॅडम, याला विष लावलंय की काय?"
मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

२० नोव्हें.
सरांनी बिनशिशाचे पेलेट मागवले होते. माझ्यासाठीच, पण तसं बोलले नाहीत. रायफल शिकंज्यात बांधून त्यांनीच मारून बघितले, मी लांबून. आपल्या नेहमीच्या पेलेटची पाचही भोकं एकात एक बसतात, हे सगळीकडे पसरले. हलके आहेत आणि नळीत नीट बसतही नाहीत. सर म्हणाले, "अगं, नवीन मुलांना चालतील. मॅचवाल्यांची वाट लागेल यात." मी म्हटलं, मग नवीन मुलांना तरी द्या.
देतो म्हणाले. तेवढं तरी झालं.

२७ नोव्हें.
घरात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझं डोहाळजेवणच मांडलंय रोजचं. गरी, म्हणजे गळ, घेऊन सकाळी दहिसरहून मढला जातात, खडकांवर बसतात, दुपारी मासे घेऊन येतात आणि स्वतः रांधतात. गिरणी सुटल्यापासून हाच नाद. सासूबाई गेल्यावर तर त्यांना दुसरं कोणी उरलंच नाही.
आज पालू मासा. काट्याकाट्याने सोडवून दिला.
"खा गो बाय. बाजारातलो बर्फाचो मासो खाव नको. ह्यो ताजो आसा."
शिशाचं त्यांना सांगितलेलं नाही. नि. म्हणतो, उगाच काळजी करत बसतील. रक्त कमी आहे एवढंच सांगितलंय. म्हणून मासे दुप्पट.

९ डिसेंबर
वाढलंय.
कमी नाही झालं, वाढलंय. बाईंसमोर ओरडलेच, मी महिनाभर रायफलीला हात नाही लावला! ओठांचं तर नावच नको!
बाई म्हणाल्या, मग घरात काहीतरी आहे. सुटी हळद? काजळ? जुना रंग, भांड्यांची कल्हई, कसली गावठी औषधं?
घरी आल्या आल्या हळद फेकली, तिखट फेकलं, काजळाची डबी फेकली. कल्हईचं पातेलं जिन्यात ठेवलं. नि. बघत राहिला. "वेडी झालीयेस का तू?"
झालेय. तूही हो ना जरा.

१३ डिसें.
सापडलं.
कंबर दुखत होती म्हणून दुपारीच घरी आले. दार उघडताच एक वास, धातूचा, जळका. बाबा ओट्याशी. गॅस मोठा. आणि गॅसवर आमची फोडणीची पळी. लोखंडी, सासूबाईंची. पळीत चांदीसारखं काहीतरी लकलकत होतं.
ओट्यावर थाळीत ओली वाळू, वाळूत बोटाने पाडलेले खळगे. त्यात ते ओतत होते. गरीच्या दोरीला लावायची वजनं.
बाजूला बिस्किटांचा डबा. तो डबा मीच आणलाय. रेंजच्या खोक्यांतून निघालेले चपटे पेलेट, सर भंगारात देणार होते. गणपतीच्या आधी बाबा म्हणाले होते, "टाकतात कित्याक? माका दी, गरीक लावतंय." मला केवढं कौतुक वाटलं होतं, माझ्या रेंजचं शिसं घेऊन बाबा मासे पकडतात म्हणून.
आता रोज मढ. रोज दोरी खडकात अडकून तुटते, वजनं जातात, म्हणून रोज नवी. माझ्यासाठीच सगळं. आणि मग तीच पळी धुवून तिच्यात लसणीची फोडणी, माझ्या आमटीवर.
गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाबा मागोमाग. "वास लागलो काय गो? तुझे दिवस असले, माझ्या ध्यानातच ऱ्हवला नाय."


१४ डिसें.
नि.च्या ऑफिसखाली जाऊन त्याला सांगितलं. तो फुटपाथवरच खाली बसला. मग म्हणाला, बाबांना सांगू नको. मी डबा गुपचूप टाकतो, पळी टाकतो. कळलं ना त्यांना, तर ते जेवायचे नाहीत.
पळी टाकली. डबाही.
संध्याकाळी बाबा ओट्याखाली शोधत होते. "पळी खंय गेली? मांडणीत नाय, डबो पण नाय." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या सरांक सांग, आणखी थोडा शिसा दी."
म्हणजे गप्प बसून भागणार नाही. हे परत करणार, वाटीत करतील, तव्यावर करतील. भीती आता दोन्ही बाजूंनी. सांगितलं तर बाबांचं काय होईल आणि नाही सांगितलं तर

१५ डिसें.
सांगितलं. नि.ची वाट न बघता. चहा पिताना, शक्य तितक्या साध्या शब्दांत. पेलेट ओठांत धरायचे तेही सांगितलं, म्हणजे सगळं त्यांच्यावर जाऊ नये.
त्यांनी कप बशीत ठेवला.
"पोराक काय होतला?"
म्हटलं, माहीत नाही बाबा. काही होणारही नाही कदाचित. डॉक्टरांनाही आत्ता सांगता येत नाही.
"मियां घातलंय तुझ्या ताटात."
नाही हो बाबा, म्हटलं. पण ते घातलंच होतं. दोघांनाही माहीत होतं.

२१ डिसें.
तिघांचंही रक्त तपासलं. नि.च्यात शिसं थोडं, बाबांच्यात माझ्याहून कितीतरी जास्त. दोरीवरचं वजन ते दातांनी दाबून बसवायचे, आज कळलं. बाईंनी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. त्यांनी चिठ्ठी न बघता खिशात घातली आणि बाईंना विचारलं, "सुनेचा कधी उतरतला?"
स्वयंपाकघर ओल्या फडक्याने तीनदा पुसून घेतलं. ओट्यावरची भांडी सगळी नवी.
गरी पोटमाळ्यावर गेली. मढ बंद.

२८ डिसें.
बाबा ताट वेगळं ठेवतात. पेला वेगळा, टॉवेल वेगळा. जेवायला गॅलरीत बसतात. सांगून सांगून थकले, अहो, हा लागट रोग नाही, बाईंना फोन लावून देऊ का? मान हलवतात आणि ताट उचलून गॅलरीत जातात.
मला राग येतो. मग त्यांची पाठ दिसते आणि राग टिकत नाही.

६ जानेवारी
सकाळी पुन्हा रक्त देऊन आले. रिपोर्ट गुरुवारी. उतरलं असेल, नसेल. बाळाचं तर कुठल्याच रिपोर्टात कळणार नाही, बाई म्हणाल्या, ते जन्मल्यावर, वाढताना बघत राहायचं. म्हणजे ही भीती आता कायमचीच.
दुपारी आडवी पडले होते. पोटात हललं. आधी वाटलं गॅस. मग परत. हाक मारली, बाबा, या लवकर, हललं!
नळाचा आवाज आला. साबण, मग परत नळ, परत साबण. केवढा वेळ धूत होते. कोपरापर्यंत हात ओले, तसेच आले आणि खोलीच्या दारात थांबले.
म्हटलं, या ना आत. हात लावून बघा.
"हयसूनच दिसता गो," म्हणाले.