बंद होताना बिट वर

४ फेब्रुवारी
झालं! आता मशीन बंद करायला बाबांची गरज नाही. माझा प्रोग्रॅम करेल!

आमचं लाकूड कोरायचं मशीन. काम थांबलं की बिट, म्हणजे कोरणारं टोक, लाकडातच रुतून राहतं, आणि बाबा रोज संध्याकाळी चाक फिरवून ते हाताने वर घेतात. खांदा धरलाय, डॉक्टर ओरडतात, पण दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू देतील तर शपथ! आई म्हणते, "यांनी मशीनशीच लग्न लावायचं होतं."

म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच त्यात नोंदवून ठेवलं — संपताना बिट वर घे, मोटर थांबव, बिट धरणारा दांडा कोपऱ्यात ने. मग तो नीट संपो की चूक होऊन कोसळो, एवढं करूनच जाणार. उद्या बाबांसमोर!

५ फेब्रुवारी
नाक कापलं.

६ फेब्रुवारी
काल पुढे लिहवलंच नाही. नोंदवलेली कामं उलट्या क्रमाने चालतात — शेवटी सांगितलेलं आधी. वाचलं होतं मी! तरी घाई. दांडा आधी कोपऱ्याकडे निघाला, फिरतं बिट लाकडातच. गिऱ्हाइकाच्या तयार दारावर आडवा चर!

बाबांनी चरावरून बोट फिरवलं. "वा! दाराला मिशी काढलीस." मग हळूच — "बंद करायचं माझ्याकडेच राहू दे."

घरी येऊन रडले. स्वतःचाच राग आला होता.

९ फेब्रुवारी
क्रम उलटा केला. टाकाऊ फळ्या लावून मुद्दाम चुका घातल्या, प्रोग्रॅम मध्येच बंद केला. दर वेळी बिट वर, मोटर गप्प, दांडा कोपऱ्यात. आहेच मी हुशार! स्वतःची पाठ थोपटायची तर नीट थोपटावी.

१० फेब्रुवारी
बाबांनी नेमकं विचारलं, "आणि वीज गेली तर?"

तेव्हा प्रोग्रॅमला आवरायला वेळच मिळत नाही. खरं तेच सांगितलं. मोठी बॅटरी जोडते म्हटलं — वीज गेली की प्रोग्रॅमला 'आवर' म्हणून कळेल, आणि तेवढा वेळही मिळेल.

"बघू."

बाबांचं "बघू" म्हणजे "नाही", हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी जोडली.

१३ फेब्रुवारी
भर कामात वीज गेली! बाबा चाकाकडे धावले. ते पोचायच्या आत बिट वर! त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग उगीच सदऱ्याला पुसला. पण मी पाहिलं ना!

१५ फेब्रुवारी
मिशीवालं दार नव्याने कोरायला घेतलंय. अर्ध्यात असतानाच बाबांनी डबा उचलला. "बंद करून ये," म्हणाले, आणि चालू मशीनकडे वळूनही न बघता घरी गेले.