वरून पाणी पिणारा माणूस

प्रिय कडूबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बंडीच्या खिशात घालशील, घरात कुणाला दाखवणार न्हाईस, आणि मंग म्हशीला पेंड घालायच्या निमित्तानं गोठ्यात जाऊन वाचशील. जा, निवांत वाच. म्हशी कुणाला सांगत न्हाईत. फोन मी मुद्दामच केला न्हाई. गावात आरक्षणावरून दोन तट पडले तेव्हापासून तुझं-माझं बोलणं बंद आहे. फोन वाजला असता तर चार माणसांत बसून तुला ठरवावं लागलं असतं, उचलायचा का न्हाई. पत्राचं तसं न्हाई, ते गपचूप येतं. इथं आपल्या फौजेतला परभणीकडचा एक जवान आहे, तो सुट्टीवर निघालाय. परतूरला उतरून पेटीत टाकतो म्हणालाय.

मी दक्षिण सुदानात आहे हे तुझ्या कानावर आलंच असेल. गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर लिहिलंय शांतता कार्यकर्ता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. हातात पाना, कपड्यांना ग्रीस, आणि म्हणे शांतता. पण इथल्या संस्थेचं गणित सरळ आहे. लढाईत इथले हापसे मोडले, काहींचे पाइप उपसून नेले. आता लढाई थांबली, माणसं आपापल्या जागी परत आली, पण पाणी एकाच ठिकाणी आणि प्यायला दोन जमाती. हापसा दुरुस्त करायचा आणि त्याच्याभोवती दोघांना बसवायचं, असं हे काम आहे. पहिलं सोपं आहे. ते तू आणि मी परतूरच्या दुरुस्तीच्या गाडीवर पोरवयातच शिकलो. तू दोराला लटकून पाइप ओढायचास, मी खालून पाना लावायचो, आणि साहेब झाडाखाली झोपायचा. इथल्या हापशांवर भारतातल्या कारखान्याची पट्टी आहे. या हापशाचा आजा आपल्या जालन्यात जन्मला, हे मी इथल्या पोरांना सांगतो. त्यांना वाटतं मी बढाया मारतो.

तुला इथं आणून सोडलं तर पहिले दोन दिवस तुला परदेश वाटणारच न्हाई. जमीन आपल्यासारखीच काळी. पाऊस पडला की बुटाला तळव्यापेक्षा मोठी ढेकळं चिकटतात. ज्वारी पिकते, पण भाकरी न्हाई करत, घावनासारखं पातळ काहीतरी करतात, आंबट लागतं. सावलीला कडुनिंब आहे. शब्दसुद्धा ओळखीचे भेटतात. दुकानाला दुकान म्हणतात, साबणाला सबून, आणि काम संपलं की खलास. माझे कान तुला ठाऊक आहेत. बोअर घेताना मशीन मुरमात आहे का खडकात हे मी आवाजावरून सांगायचो, अन् तू म्हणायचास, याला जमिनीखालचं ऐकू येतं, बायकोचं न्हाई ऐकू येत. तेवढ्या कानांवर मी इथं गुजराण करून राह्यलो. जोसेफ नावाचा दुभाषा सोबत असतो, चांगला माणूस आहे. पण तिसऱ्या दिवसानंतर काय होतं सांगू का, कुणी मराठीत बोलत न्हाई. दाढी करताना मी आरशाशी बोलतो. तोही माझंच ऐकून घेतो, उलट काही बोलत न्हाई. मराठीत चांगली ठसठशीत शिवी घालावी आणि समोरच्यानं तिच्यावर वरचढ दुसरी घालावी, असा एक माणूस इथं न्हाई. तुझी रजनीवहिनी गेली तेव्हा वाटलं होतं की आता एकटेपणाची सवय झाली. ती सवय घरातली होती, ती इथं उपयोगाला येत न्हाई. संध्याकाळी माणसं आपापल्या चुलीकडं जातात, धूर वर जातो, आणि मी खुर्ची घेऊन बसतो. बोलायचं खूप असतं. ते सगळं तुझ्याशी बोलायचं असतं, हे मला इथं आल्यावर कळलं.

मंग ऐक, मी इथं कसली गफलत केली ते. एका गावचा हापसा आम्ही चालू केला. दोन्ही बाजूंची माणसं निंबाखाली येऊन बसली, एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला ते, मधी एक गाडी जाईल एवढी जागा. दांडा हाणला, पाणी आलं. आता आपल्याकडं काय करतात? पहिलं पाणी वडीलधाऱ्याला. माझा हात त्याच सवयीनं गेला. समोर अचोल नावाची म्हातारी बसली होती, सगळ्यांत पिकलेली. मी वाटी भरली आणि मोठ्या अदबीनं तिच्या हातात दिली. तिनं घोट घेतला, आणि समोरचा काठीवाला म्हातारा उठून उभा राह्यला. त्याच्या मागं त्याची सगळी माणसं उठली. आणि सगळी निघून गेली. मी जोसेफला म्हणलं, अरे काय झालं? तो म्हणला, पहिलं पाणी तिनं प्यालं, म्हणजे हापसा तिच्या लोकांचा झाला, असं ते समजले. मी आपलं वय बघितलं, त्यांनी बाजू बघितली. संस्थेच्या मोठ्या साहेबांना मी कळवलं, चूक माझी. ते म्हणाले, बघा काही जमतं का, न्हाईतर पुढच्या गावी निघा.

नंतर कितीतरी दिवस तो हापसा तसाच उभा. काठीवाल्याची माणसं दलदलीचं पाणी भरायची, पण इकडं फिरकत न्हवती. आणि ती येत न्हाईत म्हणून अचोलच्या माणसांनाही लाज वाटायची, तीही कमीच यायची. मी रोज सकाळी जाऊन दांडा हाणायचो, वायसर सुकू नये म्हणून, आणि आपलं पाणी प्यायचो. मी भांडं तोंडाला लावत न्हाई, तुला ठाऊक आहे. मान मागं टाकून वरून धार सोडतो. आपल्यात कुणी वळून बघत न्हाई. पण इथं पोरांना ते इतकं नवल वाटलं की पोरं डबडी घेऊन तसं प्यायला लागली. नाकात पाणी जायचं, ठसकायची, आणि पुन्हा करायची.

एक दिवस अचोलच्या वस्तीवर गेल्तो. पोरी माझ्याकडं बघून एक शब्द बोलल्या आणि खुदकन हसल्या. जोसेफला विचारलं तर तो टाळाटाळ करू लागला. मी मागं लागलो तेव्हा म्हणला, तुम्हाला कोंबडा म्हणतात. कोंबडा पाणी पिताना मान वर करतो ना, तसं. मी म्हणलं, बराबर आहे, मलाही आवडलं. दोन दिवसांनी काठीवाल्याच्या वस्तीवर पाइप बघायला गेलो, तिथं बायकांच्या घोळक्यातून एक शब्द कानावर आला. भाषा वेगळी, पण मी जोसेफचं तोंड बघितलं आणि ओळखलं. पुन्हा कोंबडाच. जोसेफ हसत होता. मी हसलो न्हाई. मी विचार करून राह्यलो की ही दोन्ही माणसं एकमेकांशी बोलत न्हाईत, एकमेकांच्या वस्तीवर जात न्हाईत, तर माझं नाव इकडून तिकडं गेलं कसं? नावाला पाय नसतात. म्हणजे कुणीतरी कुठंतरी बोलत होतं. थोडं लक्ष ठेवलं तर कळलं. साबण-मीठ घ्यायला बायका आठवड्याच्या बाजाराला एकाच वाटेनं जायच्या, आणि पुरुष दिसले न्हाईत की एकमेकींना माझी नक्कल करून दाखवायच्या.

मंग म्हाताऱ्यांना बोलवायचं मी सोडूनच दिलं. बाजाराच्या दिवशी वाटेवर जाऊन बसलो आणि बायकांना सांगितलं, कोंबडा हापशावर सगळ्यांच्या आधी पाणी पिणार आहे, बघायला या. तो कुणाच्याच बाजूचा न्हाई, त्यामुळं पहिलं पाणी कुणाचंच न्हाई. त्या हसल्या, पण त्यांनी बराबर ओळखलं मी काय म्हणतो ते. पुरुषांना त्यांनी कसं आणलं ते मला माहीत न्हाई, विचारलंही न्हाई. त्या दिवशी शंभर माणसांसमोर मान मागं टाकून मी धार घेतली आणि सगळी दुनिया हसली. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून हसला. धार माझ्याही नाकात गेली, पण ती मी मुद्दाम घातली न्हवती, तेवढं खरं. नंतर अचोलनं एका हातानं दांडा धरला, म्हाताऱ्याच्या सुनेनं दुसऱ्या बाजूनं, मंग दांडा पोरांच्या हातात देऊन दोघींनी आपापली ओंजळ एकदमच धारेखाली धरली. साहेबांनी अहवालात लिहिलं की समेट झाला. मी एवढं मोठं बोलणार न्हाई. दोघी प्याल्या, एवढं मी बघितलं.

त्या संध्याकाळी मला कुणाला तरी सांगायचं होतं. गंधालीला फोन लावला. सगळं ऐकून पोरगी म्हणाली, बाबा, तुमच्यावर गावातही विनोद चालू आहे. फाट्यावर आता दोन हॉटेलं झालीत ना, एक आपल्यावाल्यांचं, एक त्यांच्यावाल्यांचं, दोन्हीकडं एकच बोलतात. म्हणतात, काकासाहेब शांतता करायला समुद्रापार गेला, कारण गावात केली असती तर भत्ता मिळाला न्हसता. मी खूप हसलो, आणि हसता हसता थांबलो. अरे कडूबा, दोन्ही हॉटेलांत एकच विनोद कसा? आणि त्याची घडण मी ओळखतो रे. आधी कौतुक करायचं आणि शेवटाला चिमटा. चाळीस वर्षं तो चिमटा मी सोसलाय. हे तुझंच आहे. तुझ्या घरातून दैवशालावहिनी गंधालीच्या लग्नात चुड्याच्या दिवशी मागच्या दारानं येऊन गेल्या, पोरीच्या हातात पाटल्या सारून, डोळे पुसून गेल्या, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या अजून तिला फोन करतात. तुझा विनोदही त्याच वाटेनं आला. म्हणजे तुझ्या घरात माझं नाव निघतं. लग्नाला तू आला न्हाईस. पत्रिका मी स्वतः घेऊन आल्तो, तू आतल्या खोलीत होतास, पंखा चालू होता आणि खाट वाजली. मी त्याचा राग धरला न्हाई असं म्हणणं खोटं होईल. धरला. पण तुझ्यावरच्या रागापेक्षा जास्त मला ते आठवतं की अक्षता टाकायच्या वेळी मी तीनदा दाराकडं बघितलं, आणि पोरीनं पाचदा. तुझ्यावर तुझ्या माणसांचा दाब होता. माझ्यावर माझ्यांचा न्हवता असं न्हाई. माझेही मला म्हणाले होते, त्याच्या दारात पत्रिका द्यायची काय गरज होती.

आता मी हे कशाला लिहिलं ते. गंधालीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला पाहिजे. अक्का, माझी मोठी बहीण पुष्पाबाई, घर झाडून तयार बसलीय. सातवा सरला की सासरहून, मंठ्याहून तिला आणायची, आणि आणायला माहेरचा मुराळी लागतो. तिला भाऊ न्हाई. मी येऊ शकत न्हाई. इथं पाऊस सुरू झाला की गाडी चालत न्हाई, पुढच्या गावचा हापसा अर्ध्यात आहे, माझं येणं दिवाळीनंतर. पुतण्या आदिनाथ गाडी घेऊन तयार आहे, जल्दी जाऊन जल्दी आणेल, त्यात कुणाला बोलायला जागा न्हाई. पण पोरीला मी विचारलं, कुणाला पाठवू? ती म्हणाली, कडूबाकाका येतील का, तेवढं विचारून बघा. मी तिला हो म्हणलं न्हाई आणि न्हाईही म्हणलं न्हाई. तर आता विचारतो. तू जा. खणा-नारळाची पिशवी घेऊन दिवसाउजेडी जा, गाडीत पुढं बस, आणि आणताना ती म्हणेल तिथं थांब, तिला मळमळतं. तिचे सासरे भालचंद्रराव सरळ माणूस आहेत, पण त्यांनी तुला कधी बघितलेलं न्हाई. ते चहा देतील आणि विचारतील, तुम्ही मुलीचे कोण? तिथं काय सांगायचं, ते मी तुला सांगणार न्हाई.

तुझाच,
काकासाहेब