मी हात सोडला नाही

१२ जानेवारी

चि. छोट्यास, ताईचे आशीर्वाद आणि एक कानपिचकी.

चिमणीच्या आईचं पत्र मिळालं. तुझी लेक सरावात वळणावर घसरली, डोकं आपटलं, उलट्या झाल्या, आणि तरी रविवारी तू तिला अंतिम शर्यतीत उतरवणार म्हणे.

आजोबा, काका, बाबा सगळे सायकल शर्यती मारलेले. पण लागोपाठ तीन वर्षं पहिली आले ती मीच. मग पडले. बाबा म्हणाले, सायकलवर बसलीस की भीती जाईल. बसले. दुसऱ्यांदा पडले, ती डाव्या डोळ्याची नजर गमावूनच उठले. लोकांना वाटतं, मी मानाने निवृत्त झाले. तू तर सगळं पाहिलंयस. तिला थांबव, नाहीतर मी येऊन तिच्या चाकांतली हवा सोडेन.

तुझ्यावर रागावूनही तुझीच,
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस, सा. न. आणि थोडा रागही.

हवा सोडायला खुशाल ये, त्या निमित्ताने तरी आमचं घर तुला आठवेल. डॉक्टर पुढच्या आठवड्यात तपासणी करणार आहेत. चिमणी म्हणते, मी ठणठणीत आहे. चक्कर येते का विचारलं की तोंड फिरवते. बाबा म्हणतात, या घरात अंतिम शर्यत कुणी सोडलेली नाही. त्यांच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. तू जिंकायचीस, म्हणून तुझं ऐकायचे. मी कायम चौथा. चौथ्याने काय सांगायचं?

लोभ आटू देऊ नकोस.
छोट्या

१९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

काल सुरुवातीच्या रेषेवर मीच चिमणीची सायकल मागून धरून उभा होतो. बार झाला की सोडायची, एवढंच काम. समोरच्या फलकावर किती फेऱ्या लिहिल्यात, असं मी तिला सहज विचारलं. तिने डोळे बारीक केले, पण सांगता येईना. तेवढ्यात बार झाला. बाकीच्या सुटल्या. मी सोडलं नाही. ती पॅडलवर जोर देत राहिली, मग वळून माझ्या हातांवर बुक्क्या मारायला लागली. "पप्पा, सोडा ना!" अख्खं मैदान बघत होतं. बाबा उठून निघून गेले.

संध्याकाळी इस्पितळात कळलं, डोक्यात रक्त साकळलंय. लगेच ऑपरेशन झालं. धोका टळला. पुन्हा पडली असती तर...

बाबा अजून इकडे फिरकलेले नाहीत. चिमणी शुद्धीवर आली, मला पाहिलं आणि भिंतीकडे वळली. आपल्या आईला म्हणाली, आत्या असती तर तिने सोडलं असतं.

तुझ्या डोळ्याचं तिला अजून माहीत नाही. तू ये, आणि तिला तूच काय ते सांग.

वाट पाहणारा,
छोट्या